द सुवेनीर : आईच्या पैशावर सिनेमा शिकणारी ज्युली (दोन्ही भाग, स्पॉयलर आहेत)

दुसरी_घंटा

सिनेमा शिकणाऱ्या पोरापोरींवरचा सिनेमा म्हटलं की पुढे काय काय येणार ते आपल्याला आधीच पाठ असतं. छोट्या गावातून आलेला हुशार मुलगा, बापाचा विरोध, खडूस प्रोफेसर, उधारीच्या कॅमेऱ्यावर काढलेली फिल्म आणि शेवटी टाळ्या. जोआना हॉग या ब्रिटिश दिग्दर्शिकेच्या 'द सुवेनीर'मध्ये (पहिला भाग २०१९, दुसरा २०२१) यातलं जवळजवळ काही नाहीये. बाप बरा आहे, आई त्याहून बरी, प्रोफेसर मंडळी खडूस कमी आणि गोंधळलेली जास्त, आणि पैशाची चणचण अशी नाहीच. म्हणूनच लिहावंसं वाटलं.

गोष्ट अशी की १९८० च्या दशकाची सुरुवात आहे, लंडन. ज्युली फिल्म स्कूलमध्ये आहे, राहते कुठे तर नाईट्सब्रिज या श्रीमंत वस्तीत, हॅरॉड्स या बड्या दुकानाच्या आसपास, फ्लॅट घरच्यांचा. तिला फिल्म करायचीय संडरलँडवर. ईशान्य इंग्लंडमधलं जहाजं बांधणारं शहर, तिथली यार्डं एकेक करून बंद पडत चाललेली (शेवटची १९८८ ला बंद झाली). तिथला टोनी नावाचा एक मुलगा, त्याचा आईवर इतका जीव की ती मरेल या भीतीनंच तो अर्धा झालेला, आणि मग आई खरंच मरते. ज्युली हे सगळ्यांना इतक्या सिरियसली सांगत असते की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. स्कूलमधले लोक तिला विचारतात की बाई, तुझं आयुष्य कुठे, संडरलँड कुठे, हाच विषय का? ती उत्तर देते पण उत्तर कुठे पोचत नाही. तिला स्वतःलाही ते कळतंय हे चेहऱ्यावर दिसतं.

मग अँथनी येतो (टॉम बर्क, काय काम केलंय). तिच्यापेक्षा वयानं मोठा, रेघारेघांचा सूट, बोलणं असं संथ की प्रत्येक वाक्य समोरच्यावर उपकार केल्यासारखं. फॉरेन ऑफिसमध्ये आहे म्हणतो. तो तिला म्हणतो की खरंखुरं दाखवायचंय, प्रामाणिक असायचंय, हे सगळं ठीक, पण ते कशासाठी? त्याला पॉवेल-प्रेसबर्गर या जुन्या ब्रिटिश दिग्दर्शक जोडीचे सिनेमे आवडतात, जे वास्तव नसूनही खरे वाटतात. म्हणजे नायक हेरॉइन घेतो आणि नायिकेला सिनेमाचा पहिला खरा धडा तोच देतो. हेरॉइनचं आपल्याला कळतं ते एका जेवणाच्या टेबलावर. अँथनी मिनिटभर उठून जातो आणि त्याचा मित्र पॅट्रिक (रिचर्ड अयोआडी) गप्पांच्या ओघात बोलून जातो की अट्टल हेरॉइन घेणारा हा आणि सज्जन घरातली तू, तुमचं दोघांचं जुळतं कसं? ज्युलीला हे माहीतच नसतं. ती आरडाओरडा करत नाही, नुसती एक क्षण थांबते आणि मग सगळं माहीत असल्यासारखा चेहरा करते. आईशप्पत, तो चेहरा!

मला बोलायचंय ते पैशाबद्दल. सिनेमाभर ज्युली आईकडे पैसे मागते. फिल्मचं सामान, स्कूलचा खर्च अशी कारणं सांगते, आणि त्यातले बरेचसे अँथनीच्या हातात जातात. एकदा फ्लॅटमध्ये चोरी होते, ती पण त्यानंच केलेली असते. आणि आई (टिल्डा स्विंटन) दर वेळी जराशी बिचकून देते. दुसऱ्या भागात ज्युली संडरलँड सोडून स्वतःच्या आणि अँथनीच्या गोष्टीवर फिल्म करायला घेते, स्कूल म्हणतं ही स्क्रिप्ट आम्हाला पटत नाही, तेव्हा फिल्म पुरी होते तीही घरच्याच पैशांवर. हॉगबाईंनी हे कुठेही लपवलेलं नाही, ही स्वतःची गोष्ट असूनसुद्धा. सिनेमा शिकायला टॅलेंट वगैरे लागतं ते लागतंच, पण चुकत राहायला कोणाचे तरी पैसे लागतात आणि ज्युलीकडे ते आहेत. इतकं स्पष्ट मी तरी दुसऱ्या कुठल्या सिनेमात बघितलं नाही.

तर प्रश्न असा की ज्युली तुम्हाला महत्त्वाकांक्षी वाटते का? माझ्या बहिणीच्या मते ती नुसती वाहत जाणारी मुलगी आहे. मला वाटतं तिची महत्त्वाकांक्षा प्रचंड आहे, फक्त ती ओरडून सांगत नाही. घरात एवढी उलथापालथ चाललेली असताना ती टाइपरायटरवर बसते, मित्र जमले की कोपऱ्यातून फोटो काढत असते.

---

चिवडा_सम्राट

मी बघितलाय. म्हणजे ४० मिनिटं बघितलाय. एक मुलगी सोफ्यावर बसते, एक माणूस सिगरेट ओढतो, दोघं चहा पितात, मग ते एक पेंटिंग बघायला जातात, मग परत सोफा. मी तीनदा चेक केलं की नेट अडकलंय का. 😀 क्रिटिक लोकांनी डोक्यावर घेतलाय म्हणून लावला होता, साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमासिकानं त्या वर्षीचा सर्वोत्तम म्हटलाय म्हणे. त्यांना सोफा आवडत असेल.

---

दुसरी_घंटा

@चिवडा_सम्राट हाहा. त्यांनी दुसऱ्या भागालाही २०२१ चा सर्वोत्तम म्हटलंय, म्हणजे सोफा खरंच आवडला. पण तुम्ही सोडलंत ते बरोब्बर चुकीच्या जागी, ते पॅट्रिकवालं जेवण जरा पुढेच आहे.

---

निगेटिव्ह_कटर

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात (म्हणजे एफटीआयआय, फिल्म इन्स्टिट्यूट) काही वर्षं काढलीत, त्यामुळे फिल्म स्कूलवरचे सिनेमे बघताना मी जरा जास्तच चिकित्सक होतो. बहुतेक ठिकाणी विद्यार्थी बोलतात दिग्दर्शकासारखे, इथे ते विद्यार्थ्यांसारखे बोलतात. कोणाचं लायटिंग चाललंय, कोणी उगाच वायर गुंडाळतंय, आणि निम्मे लोक कशाची तरी वाट बघत उभे. सेट म्हणजे ९० टक्के वाट बघणं, ते इथे आहे.

या सोफ्यामागचं सांगतो, म्हणजे @चिवडा_सम्राट कदाचित पुढे बघतील. तो फ्लॅट लंडनमध्ये नाहीच. नॉरफकमधल्या एका जुन्या हवाई तळाच्या हँगरमध्ये हॉगनं स्वतःचा त्या काळातला फ्लॅट आठवून उभा केलाय, काही सामान तिचं स्वतःचं जुनं. खिडकीतून दिसणारं लंडन म्हणजे तिनं त्या दिवसांत त्याच खिडक्यांतून काढलेले फोटो, मोठे करून बाहेर लावलेले. एकदा खिडकीबाहेर मोठा धमाका ऐकू येतो, तो हॅरॉड्सचा बॉम्बस्फोट, डिसेंबर १९८३, आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेनं केलेला. दाखवायचं काहीच नाही, नुसता आवाज आणि हादरा. ज्यांना साउंडमध्ये करिअर करायचंय त्यांनी तो सीन हेडफोन लावून ऐका.

दुसरं म्हणजे ज्युलीचं काम करणारी ऑनर स्विंटन बर्न ही टिल्डाचीच मुलगी. हॉग तिची गॉडमदर, म्हणजे घरातलंच सगळं. पण तिला संवाद लिहिलेली स्क्रिप्ट दिलेली नव्हती. हॉगच्या त्या काळातल्या डायऱ्या, फोटो वाचायला दिले आणि शूटिंग गोष्टीच्या क्रमानं केलं, त्यामुळे पुढे अँथनीचं काय निघणार हे तिला ज्युलीइतकंच माहीत. त्या जेवणाच्या सीनमधला जो चेहरा म्हणताय तो असा आलाय. आपल्याकडे असं करायला गेलं तर प्रॉडक्शन मॅनेजर डोकं फोडून घेईल, कारण लोकेशनप्रमाणे सीन लावले नाहीत की बजेट सरळ दीडपट. मार्टिन स्कोर्सेसी एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आहे, त्यानं किती बळ मिळालं असेल कोण जाणे.

आणि तो मऊ, किंचित दाणेदार पोत म्हणजे १६ एमएमची खरी फिल्म. डिजिटलवर फिल्टर मारून तसं येत नाही, कितीही कोणी काही सांगो.

महत्त्वाकांक्षेबद्दल: दुसऱ्या भागातलं गाडीतलं भांडण आठवा. सगळं युनिट गाडीत बसलंय आणि कॅमेरामन तिच्यावर उखडतो की तू आयत्या वेळी सगळं बदलतेस, नक्की काय हवंय ते आम्हाला सांगत नाहीस, आम्ही काम करायचं कसं. तो शंभर टक्के बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो तर गाडीतून उतरलो असतो. तरी ती हो-नाही करत शेवटी स्वतःला हवं तेच करते. वाहत जाणाऱ्या मुलीला हे जमत नाही.

---

मृद्गंध७

+१ दुसरी_घंटा. मला तर ती मुळीच बिचारी वाटली नाही. एक मात्र पटलं नाही, अँथनीसारख्या माणसाला इतकं सहन का करायचं? तिच्या जागी आमच्या गल्लीतली कुठलीही मुलगी असती तर पहिल्याच चोरीला हाकलला असता. मोठ्या घरच्या मुलींना नाही म्हणायला शिकवत नाहीत का?

---

लंडनकर_मावशी

@मृद्गंध७ अगं नेमकं तेच, त्या वर्गातल्या लोकांत अवघड प्रश्न तोंडावर विचारणं म्हणजे वाईट वळण समजतात. इथे इतकी वर्षं राहून एवढं कळलंय की कोणी "हाऊ इंटरेस्टिंग" म्हणालं की समजायचं, आवडलेलं नाही. ज्युलीला त्याच्या हातावर सुयांच्या खुणा दिसतात तेव्हासुद्धा ती विचारते ते इतकं हळुवार, की त्यानं टाळलं की विषय संपला.

ते पेंटिंग मी प्रत्यक्ष बघितलंय. वॉलेस कलेक्शनमध्ये आहे, मँचेस्टर स्क्वेअरला, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या गर्दीतून दोन वळणं घेतली की आलं, आणि तिकीट नाही बरं का, लंडनला येणाऱ्यांनी चुकवू नका. फ्रागोनार या फ्रेंच चित्रकाराचं, अठराव्या शतकातलं, सिनेमाचं नाव त्याच्यावरूनच. सिनेमा बघून गेलं तर वाटतं मोठं असेल, आहे ते वहीच्या पानाएवढं. गुलाबी पोशाखातली एक मुलगी झाडाच्या खोडावर अक्षर कोरतेय, पायाशी प्रियकराचं पत्र पडलंय आणि बाजूला तिचं छोटंसं कुत्रं बसलंय. ज्युलीला ती दुःखी वाटते, अँथनी म्हणतो नाही, निर्धारी दिसतेय. सिनेमा त्या एका वाक्यावर उभा आहे असं माझं मत. आणि अँथनी शेवटी मरतो तोही त्याच म्युझियमच्या बाथरूममध्ये, ओव्हरडोसनं. ते दाखवत नाहीत. आई फोन घेते आणि ज्युलीला सांगते, बस.

संडरलँडबद्दल थोडं. लंडनच्या या भागातल्या माणसाला तेव्हा संडरलँड म्हणजे जवळपास परदेशच. तिथले उच्चारही त्यांना धड कळत नाहीत. सिनेमाच्या सुरुवातीला जे तिथले ब्लॅक अँड व्हाइट फोटो दिसतात ते हॉगनं त्या काळात खरोखर जाऊन काढलेले आहेत. म्हणजे बाई गेली होती तिथे, नुसती फ्लॅटमध्ये बसून स्वप्नं बघत नव्हती.

---

माजलगावचा_पांडू

मी हा पिक्चर बघितलेला नाही, तुमचा धागा वाचूनच लिहितोय, राग मानू नका. मी त्या टोनीच्या बाजूचा माणूस आहे.

आमचे आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की टोळी निघायची ती पाडव्याच्या आसपास परत, मी अर्धी शाळा आजीकडं राहून केली. आता विषय असा की आमच्याकडं दर दोन-तीन वर्षाला पुण्या-मुंबईकडनं कॉलेजची पोरं डॉक्युमेंट्री काढायला येतात. पोरं चांगली असतात, मी वाईट बोलणार नाही, जेवायला बसली की पत्रावळी सगट उचलतात. एकदा आमच्याच कोप्यावर (ऊसतोडीची झोपडी) आली, पहाटे पाचला आई चूल पेटवून भाकरी थापत होती ती शूट केली. मग त्यातल्या मॅडमनी कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाल्या मावशी, धूर नीट आला नाही, परत एकदा पेटवता का. आईनं पाणी मारून विझवली आन परत पेटवली. ओली झाल्यावर धूर भरपूर आला, मॅडम खूश. मुकादम तिकडनं बोंबलतोय की गाडी भरायची राहिली. तो पिक्चर आम्ही आजवर बघितला नाही, लिंक पाठवतो म्हणले होते. कॉलेजचं नाव घेत नाही.

तर त्या ज्युलीताईनं संडरलँडचा नाद सोडला हे लई चांगलं केलं एवढंच म्हणायचंय. स्वतःच्या घरात मढं पडलंय ते सोडून दुसऱ्याची चूल कशाला शूट करायची.

---

मृद्गंध७

@पांडू 🙏 काय लिहिलंत. धुराचं वाचून अंगावर आलं.

---

आडवा_प्रश्न

पांडूभाऊ, तुमचा अनुभव मान्य, पण मग नियम काय करायचा? प्रत्येकानं फक्त स्वतःच्या घरावर सिनेमा काढायचा? मग सिनेमा काढायला पैसे कोणाकडे असतात तर ज्युलीसारख्यांकडे, म्हणजे पडद्यावर फक्त नाईट्सब्रिजचे सोफेच येणार आणि आपण टाळ्या वाजवायच्या की वा, किती प्रामाणिक. संडरलँडची यार्डं बंद होत होती, हजारो लोक बेकार होत होते, ती गोष्ट सांगण्यालायक नव्हती का? तिनं ती सोडली आणि स्वतःच्या प्रेमभंगावर फिल्म केली, याला तुम्ही सगळे परिपक्वता म्हणताय. मला तर ती माघार वाटते. आणि वर दोन भाग!

---

माजलगावचा_पांडू

@आडवा_प्रश्न पैसे ज्युलीकडं आहेत हा प्रॉब्लेम टोनीनं सोडवायचा का? काढा की आमच्यावर पिक्चर, नाही कोण म्हणतंय, पण धूर आला नाही तर नाही आला. जसा आहे तसा घ्या. आणि लिंक पाठवा.

---

निगेटिव्ह_कटर

@आडवा_प्रश्न तुमच्या मुद्द्यात दम आहे, पण एक लक्षात घ्या की सिनेमा ज्युलीची बाजू घेऊन टाळ्या वाजवायला सांगत नाही. दुसऱ्या भागात ती जी डिप्लोमा फिल्म बनवते ती आपल्याला दाखवतच नाहीत! सगळं थिएटर भरलंय, लाइट जातात, आणि आपण बघतो ते तिच्या डोक्यातलं स्वप्नासारखं काहीतरी, आरशांचं, रंगांचं, पॉवेल-प्रेसबर्गरच्या वळणाचं. खरी फिल्म चांगली होती की टुकार, कळत नाही. आणि शेवटी तिच्या फ्लॅटवर पार्टी चाललीय, कॅमेरा मागे मागे सरकतो आणि तो सगळा सेट आहे हे दिसतं, हॉगचा स्वतःचा आवाज येतो, "कट". म्हणजे हे सगळं मी रचलंय, पूर्ण विश्वास ठेवू नका, असं तीच सांगतेय.

आता मूळ पैशाच्या मुद्द्यावर येतो. 'सुवेनीर'चा दुसरा भाग २०२१ ला कान्समध्ये डिरेक्टर्स फोर्टनाइट या मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात दाखवला गेला. त्याच वर्षी, त्याच विभागात पायल कपाडियाची 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' होती आणि तिला त्या वर्षीचा कान्सचा सर्वोत्तम डॉक्युमेंटरीचा पुरस्कार मिळाला. तीही सिनेमा शिकणाऱ्या मुलीचीच गोष्ट. आमच्या इन्स्टिट्यूटमधली एक मुलगी, नाव फक्त 'एल', प्रियकराला पत्रं लिहितेय, आणि तो दुरावलाय कारण जात वेगळी म्हणून त्याच्या घरच्यांना ही मुलगी चालत नाही. ती पत्रं काल्पनिक पण आजूबाजूचं फुटेज खरं, २०१५ चा आमच्याकडचा १३९ दिवसांचा संप, हैदराबादला रोहित वेमुला या दलित विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतरची आंदोलनं, जेएनयू. त्यात एक मोठा प्रश्न सतत येतो की सरकारी पैशावर चालणारी शिक्षणसंस्था म्हणजे नेमकी कोणासाठी, फी वाढली की आधी बाहेर कोण पडतं.

एकाच विभागात लागोपाठ हे दोन सिनेमे बघणाऱ्याला काय वाटलं असेल! एकीकडे आई पैसे देते म्हणून फिल्म पुरी होते, दुसरीकडे आईबाप जात बघतात म्हणून प्रेम मोडतं आणि पैसे कोणी द्यायचे यासाठी पोरं रस्त्यावर. दोन्हीकडे दाणेदार पोत मात्र सारखाच जीव लावून वापरलेला. पायलचं पुढे २०२४ ला कान्सच्या मुख्य स्पर्धेत ग्रां प्री (दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस) झालं ते सगळ्यांना माहीतच आहे, पण ही आधीची फिल्म फार कमी लोकांनी बघितलीय.

---

चिवडा_सम्राट

कृपया जातीवर वेगळा धागा काढा नाहीतर हा शंभरीला जाईल आणि कोणीच सिनेमावर बोलणार नाही. मी आता ४१ व्या मिनिटापासून परत सुरू केलाय, पांडूभाऊंमुळे, कबूल. जेवणाचा सीन झाला. तो अयोआडी भारी आहे बाकी. त्याचा अजून सीन आहे का?

---

दुसरी_घंटा

@चिवडा_सम्राट दुसऱ्या भागात आहे, आणि चोरून नेलाय त्यानं सिनेमा. पॅट्रिक तिथे मोठ्या स्टुडिओत म्युझिकल काढतोय, भला मोठा सेट, चकचकीत कपडे, आणि मॉनिटरपाशी बसून लोकांचा उद्धार. कोणी सीन चांगला झाला असं गुळमुळीत बोललं की हा उखडतो, म्हणे असलं कोणालाही लागू पडेल असं कौतुक मला करू नका. नंतर ज्युलीला भेटतो तेव्हा त्याला त्याच्याच फिल्मच्या एडिटिंगमधून बाहेर काढलेलं असतं. महत्त्वाकांक्षेचं दुसरं टोक म्हणून बघा त्याच्याकडे. ज्युली पुटपुटते आणि हा गर्जतो, आणि फिल्म पुरी होते पुटपुटणारीची.

@आडवा_प्रश्न माघार म्हणताय ते मला अर्धं पटतंय. पण संडरलँडची गोष्ट ती सोडते म्हणण्यापेक्षा ती कुठे जाते बघा. टोनीची आई मरेल ही भीती होती ना? ती आईची धास्ती ज्युलीची स्वतःचीच होती, फक्त संडरलँडच्या पोराच्या अंगावर चढवलेली. यार्डं, बेकारी हे तिला मुळात दिसतच नव्हतं. ते सांगायला दुसरं कोणी हवं होतं, ज्याला दिसत होतं.

आणि साखरेच्या भांड्याचा सीन कोणीच काढला नाही! दुसऱ्या भागात आई या वयात कुंभारकामाच्या क्लासला जायला लागलीय. एक साखरेचं भांडं केलंय, ओबडधोबडच आहे, पण कौतुकानं दाखवते, कोणत्या जुन्या शैलीचं वगैरे सांगते. ज्युलीचा हात लागून ते फुटतं. मुलगी सॉरी सॉरी करतेय आणि टिल्डा म्हणते काही नाही गं, काही नाही, आणि चेहरा असा की तिला एकटीला खोलीत जाऊन रडायचंय पण पाहुण्यांसमोर असल्यासारखी स्वतःच्या मुलीसमोर सांभाळतेय. सगळा सिनेमा मुलीच्या कलेसाठी पैसे देणाऱ्या बाईला स्वतःला एक गोष्ट हातानं करावीशी वाटली, तर ती गेली. एवढं पुरे होतं मला.

---

मृद्गंध७

तो सीन!! मी पॉज करून आईला फोन केला होता. 😐

---

लंडनकर_मावशी

टिल्डाबद्दल एक मजेची गोष्ट. हॉग आणि ती शाळेपासूनच्या मैत्रिणी. हॉगची स्वतःची डिप्लोमा फिल्म १९८६ ची 'कॅप्रिस', त्यात फॅशन मॅगझिनच्या आत शिरणारी मुलगी म्हणजे तरुण टिल्डाच. म्हणजे ज्या वयात ती मैत्रिणीच्या फिल्मची नायिका होती त्या वयाची भूमिका आता तिची मुलगी करतेय आणि ही आईच्या जागी बसलीय. वडिलांचं काम करणारे गृहस्थ तर नटच नाहीत, खरेखुरे शेतकरी आहेत, म्हणून त्यांचं ते जेवणाच्या टेबलावरचं अडखळत बोलणं इतकं सही वाटतं.

आणि डिप्लोमानंतर हॉगला लगेच दार उघडलं असं मुळीच नाही बरं. वर्षानुवर्षं टीव्ही मालिकांचे एपिसोड केले. पहिला फीचर 'अनरिलेटेड' २००७ ला, तेव्हा वय ४७. त्यात टॉम हिडलस्टन पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आला.

---

आडवा_प्रश्न

हे ४७ वालं कोणी आधी का सांगितलं नाही? आईचे पैसे, नाईट्सब्रिजचा फ्लॅट, सुरुवातीला सुपर-८ हा छोटा फिल्म कॅमेरा वापरायला दिला तो डेरेक जार्मनसारख्या दिग्दर्शकानं, हे एवढं सगळं असून ४७. मग संडरलँडच्या टोनीनं कॅमेरा हातात घ्यायचं मनात आणलं असतं तर काय झालं असतं, हिशोब करा.

तरी मी माघारीवर ठाम आहे. @दुसरी_घंटा "दुसरं कोणी हवं होतं" हे बोलायला सोपं आहे, ते दुसरं कोणी फिल्म स्कूलच्या पॅनेलपुढे बसलं असतं तर त्याला विचारलं नसतं कोणी की तुझं आयुष्य कुठे आणि विषय कुठे, त्याला विचारलं असतं फी कुठे.

---

निगेटिव्ह_कटर

@आडवा_प्रश्न हे मात्र शंभर टक्के. आमच्या एंट्रन्सच्या ओरल्सना सोबतचा एक नांदेडचा मुलगा बाहेर येऊन एवढंच म्हणाला होता की त्यांनी आवडता दिग्दर्शक विचारला आणि मी ज्याचं नाव घेतलं त्याचा एकच पिक्चर बघितला होता, कारण तेवढाच टीव्हीवर लागला होता. घेतला त्याला, आणि पुढे आमच्या बॅचमधला सगळ्यात तिखट डोळा तोच निघाला. पण त्याला ज्युलीसारखं चुकत बसता आलं नाही. तिसऱ्या वर्षी घरून फोन आला की आता पुरे, नोकरी बघ. सध्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, आणि काय एडिट करतो!

---

माजलगावचा_पांडू

रात्री पहिला भाग बघितला. मोबाईलवर, सबटायटल लावून, तरी निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं. झोप आली नाही मात्र, चिवडा सम्राट साहेब.

ते मास्तर लोक तिला संडरलँडचं विचारतात तिथं मी उठून बसलो. बरोबर विचारतात. पण तिच्याकडं बघून वाईट पण वाटलं, तिला खरंच काहीतरी करायचं असतं आणि तिला माहीत असलेलं सगळं तिला फालतू वाटतं, म्हणून ती दुसऱ्याचं दुःख धरते. आमच्याकडं आलेल्या मॅडमचं पण तसंच असंल. त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या की आमच्या घरी काही घडतच नाही.

आणि एक, ती आई पैसे देताना एकदा बी म्हणत नाही की मागच्याचं काय केलं. आमची आई म्हटली असती. मुकादमाकडनं उचल घेतल्यासारखं वहीत लिहून ठेवलं असतं तिनं.

दुसरा भाग कुठं मिळंल ते सांगा. आणि ते नांदेडचे एडिटर आहेत त्यांना आमच्या भागात लग्नाची कामं हवी असतील तर निरोप द्या, तुळशीनंतर लई तारखा आहेत, पण टोळ्या निघायच्या आधी बरीच लग्नं उरकतात लोक, तर जरा लवकर कळवा.